वीटभट्ट्यांचा हिरवा नकाशा

मामा कुठलीही वस्तू आधी उजेडात धरत. गूळ, पेल्यातलं पाणी, लग्नपत्रिकासुद्धा. बंगळुरूला ते उपग्रहात बसवायचे वर्णपटमापक तयार करत. जमिनीवरून परतलेला उजेड वेगवेगळ्या रंगांत फोडून हवेत कोणता वायू आहे, किनाऱ्याच्या पाण्यात किती गाळ आहे, हे सांगणारं यंत्र. स्वतः समुद्र मात्र त्यांनी तिशीत पाहिला. "आपल्या अनसिंगातून कोठून दिसन?" म्हणायचे.

गावी आले की ओसरीवर माणसं जमत. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाऊ, माही हरवलेली म्हैस दिसते काय वरून?"

"म्हैस नाही दिसत. तिथली हवा दिसते."

"मंग एवढं वर कायले पाठवलं?" म्हणत काकू उठल्या. हा प्रश्न मामांनी पुढे दिल्लीच्या एका बैठकीत जसाच्या तसा मांडला.

मग गावानं त्यांचा सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे भाऊसाहेब, गावाबाहेरच्या वीटभट्ट्यांचे मालक. भट्ट्यांना लागूनच मुलींची शाळा. मी तिथं शिकवायची, आणि हिवाळाभर निम्मा वर्ग खोकायचा. मामांनी पडद्यावर परिसराच्या हवेचा नकाशा लावला. भट्ट्यांच्या बाजूला लालभडक डाग.

भाऊसाहेब मामांच्या कानाशी वाकले. "साहेब, हा रंग बदलता येते काय?"

"येते. रंग माह्या हातात हाय, हवा तुमच्या."

मामांनी लालाचा हिरवा केला. खाली बारीक अक्षरांत सूची होतीच : जितका गडद हिरवा, तितका धूर जास्त. भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्यात तोच नकाशा 'आपलं हिरवं गाव' म्हणून चौकातल्या फ्लेक्सवर झळकला, भाऊसाहेबांच्या हात जोडलेल्या फोटोसह.

मी सातवीच्या मुलींना चौकात नेलं आणि खालची सूची मोठ्यानं वाचायला लावली. पानटपरीवरची माणसं ऐकत उभी राहिली. संध्याकाळी फ्लेक्स उतरला, पण तोवर तो सगळ्यांच्या मोबाइलात गेला होता. ग्रामसभेत मुलींच्या आया बोलल्या. उन्हाळ्यात भट्ट्या हलल्या.

मी मामांना आनंदानं फोन केला.

"हलल्या, पण कोठं?"

"नाल्यापलीकडच्या गावात."

मामांनी विचारलं, "तिथं शाळा हाय काय?"

मला माहीत नव्हतं. पावसाळ्यात हृदयविकारानं मामा गेले. शोकसभेत भाऊसाहेबांनी त्यांना 'हरित क्रांतीचे जनक' म्हटलं, आणि कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाल्यापलीकडे गेले. शाळा होती. तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "तुमी काहून आल्या?"

नकाशापासून सगळं सांगता सांगता शाळा सुटली.