न आलेल्या गाडीचं फाटक

कवळीवाले काका दिवसभर लोकांसाठी खोटे दात बनवायचे आणि संध्याकाळी फोनमध्ये डोकं घालून खरी बातमी शोधायचे. बातमी एकच: ती परदेशी कंपनी आपली नवी एसयूव्ही इथे आणणार की नाही? कुणी 'लवकरच येतेय!' म्हणून ओरडलं की काकांचा चेहरा उतारवयात लग्न ठरल्यासारखा खुलायचा.

त्या कंपनीच्या शोरूममधली मुलगी त्यांना लांबून बघूनच म्हणायची, "वरून अजून काही कळलं नाही, काका." वरून म्हणजे कुठून, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा कंटाळून ती म्हणाली, "येईलसं वाटतंय."

झालं! काकांनी गाडीची रुंदी शोधली आणि टेप घेऊन फाटक मोजलं. गाडी आत घ्यायची तर दोन्ही आरसे रस्त्यावर ठेवून यावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी गवंडी हजर.

काकू बहिणीकडून परतल्या, तर अर्धी भिंत गायब.

"अहो, हे काय?"

"गाडी येतेय."

"कुठवर आलीय?"

"तसं अजून... त्यांचं ठरायचंय."

"नवरदेवाचा पत्ता नाही आणि तुम्ही मांडव घालून बसलात!"

गल्ली पुढे बंद होती. चुकून शिरलेल्या गाडीला पार कोपऱ्यापर्यंत रिव्हर्स जावं लागायचं. त्या आठवड्यात पाण्याच्या टँकरवाल्याला हे ऐसपैस फाटक दिसलं आणि त्याने न विचारता वळायला टँकरचं बूड आत घातलं. काका शिव्या द्यायला धावले, पण टँकर थेट स्वयंपाकघरावर निघालेला. शिव्या राहिल्या बाजूला. "डावीकडे घे! येऊ दे, येऊ दे... बस्स!"

टँकर झोकात वळला. ड्रायव्हरने सलाम ठोकला. काकांना असा सलाम उभ्या जन्मात कुणी ठोकला नव्हता. दात बसवलेली माणसं फार तर कुरकुरत जायची.

मग फर्निचरचा ट्रक आला, कुरिअरची व्हॅन आली. हॉर्न ऐकला की काका हातातला प्लास्टरचा जबडा तसाच घेऊन धावायचे. तो हलता जबडा बघून भलेभले ड्रायव्हर जागीच ब्रेक मारायचे.

अशाच एका ट्रकच्या वेळी शोरूममधल्या मुलीचा फोन आला. "काका, वरून कळलं. गाडी इथे आणणार नाहीत."

"बरं. ठेव गं, इथे एक मोठी अडकलीय."

संध्याकाळी मात्र काकूंना बातमी सांगून काका ताटातला भात नुसता चिवडत बसले.

"भिंत बांधून घ्यायची का?" काकूंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे काकांना जास्तच लागलं.

"राहू दे," ते म्हणाले. "दुसऱ्या एका कंपनीचं म्हणतात की..."

बाहेर एका व्हॅनचा हॉर्न वाजला. काका उठले नाहीत. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, हात पुसले आणि स्वतःच बाहेर गेल्या. शेवटी काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं, उजवीकडे घे म्हणावं!"

"तुम्ही गप जेवा!" काकू ओरडल्या, आणि व्हॅन एका दमात वळली.