शैलजाताई आणि मी मोडलेली एफडी

शैलजाताई दिघोळकर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणानं झाली. गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, हे मला कळतं. पण ताईंच्या वर्गात आधी खरं काय ते सांगायचं आणि मग शोभेचं, असा नियम आहे. तोच इथं पाळतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. आई ग्वाल्हेरातल्या मुरारच्या आमच्या घरातून बँकेत एकटी कधी गेलेली नव्हती. शेजारच्या काकूंनी सांगितलं, की लष्कर भागात महिला मंडळाच्या हॉलवर दर शनिवारी दुपारी एक ताई बायकांना पैशांचे व्यवहार शिकवतात, फी नाही. मी आईला घेऊन गेलो. ताईंनी आईला विचारलं, "तुमचं खातं कुठल्या शाखेत आहे?" मी सांगितलं. "एकटीच्या नावावर की जोडीनं?" तेही मीच सांगितलं. "यजमानांचा विमा होता का?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं सरिताबाई, आज मुलगा नाही आला वाटतं बरोबर?"

सगळा हॉल हसला. सरिता माझी आई. तीसुद्धा हसली. मी उठलो, दाराशी चपलांचा ढीग होता त्याला लाथ घातली आणि बाहेर गाडीवर जाऊन बसलो. वर्ग सुटल्यावर आई आली. "खाते नंबर पाठ झाला माझा, म्हणून दाखवू?" म्हणाली. मी गाडी सुरू केली. तिनं मागं बसून तो नंबर कुणासाठी म्हटला, कोण जाणे. मी ऐकला नाही.

ताईंनी तीस वर्षं ट्रेझरीत पेन्शनच्या खिडकीवर नोकरी केली. नवरा गेल्यावर बायका त्या खिडकीशी यायच्या. यजमानांचं खातं कुठं होतं, असं विचारलं की समोरची बाई मान वळवून मागं उभ्या असलेल्या दिराकडे नाही तर मुलाकडे बघायची. "ती मागं वळणारी मान मला घरी येऊनसुद्धा दिसायची," असं ताई सांगतात. रिटायर झाल्यावर त्यांनी वर्ग काढला तो त्या मानेपायी.

वर्गात भाषण नसतं. प्रत्येकीनं एक काम करून यायचं आणि पुढच्या शनिवारी सांगायचं. आधी फक्त स्वतःच्या सहीनं चालणारं एक खातं उघडा. मग घरातले सगळे कागद एका पिशवीत आणा आणि ती पिशवी कुठं ठेवलीय हे आणखी एका माणसाला सांगा. सोन्याच्या आधी आजारपणाचा विमा घ्या. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला टाका आणि तो आहे हे विसरून जा. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा. जामीन म्हणून सही मागायला भाऊ आला तरी त्याला आधी जेवू घाला, कागद ठेवून घ्या आणि सही दुसऱ्या दिवशी. "जो भाऊ दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही ना, त्याच्या कागदात काहीतरी आहे असं समजा."

पाटणकर बाजाराकडच्या एका बँकेत आई पहिल्यांदा गेली तेव्हा ताई बरोबर होत्या. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "माताजी, घर से किसी भाईसाहब को भेज दीजिए।" ताई म्हणाल्या, "भैया, खाता बहनजी का है, भाईसाहब का नहीं। फॉर्म दीजिए। हम दोनों पढ़ी-लिखी हैं, और आज फ़ुर्सत में भी हैं।" आणि दोघी बाकावर डबा उघडून बसल्या. फॉर्म दहा मिनिटांत मिळाला. आई ही गोष्ट अजून सांगते आणि दर वेळी डब्यात एक पदार्थ वाढतो.

ताईंनी कुणाकडून कधी काही घेतलं नाही, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. एकदा विम्याचे एक एजंट तीळगुळाच्या गजकचा मोठा डबा घेऊन वर्गात आले. ताईंनी डबा सगळ्यांत फिरवला, स्वतःही एक तुकडा घेतला, "छान खुसखुशीत आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता तुमची पॉलिसी वाचू. मधेच बंद केली तर हातात काय येतं, ते कुठल्या पानावर लिहिलंय?" एजंटनी पानं उलटली, परत उलटली. बायका गजक खात वाट बघत राहिल्या. "सापडलं की या. गजक नाही आणली तरी चालेल," ताई म्हणाल्या. विमा विम्यासाठी घ्यावा, बचत बचतीसाठी करावी आणि दोन्हींची खिचडी करून कुणी वाढली तर आधी ताट बघावं, हे त्या दिवशी सगळ्या बायकांना कळलं.

मला नाही कळलं. माझं डोकं दुसरीकडे होतं.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला मी एका मुलीच्या प्रेमात होतो. होतो काय, आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. ती माझ्या एक वर्ष पुढं होती. तिला इंदूरला नोकरी लागली आणि मला ग्वाल्हेरात एक दिवस निघेना. मी कॉलेज सोडलं. तिथं जाऊन एका दोस्ताबरोबर सँडविचचं दुकान टाकायचं ठरवलं. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला पडलाच नाही. बाबांच्या विम्याच्या पैशांची आईच्या नावावर एफडी होती. आईच्या फोनवर बँकेचं ॲप मीच टाकून दिलं होतं, पिनही मीच ठरवला होता. आई देवाला फुलं आणायला गेली होती तेवढ्यात मी एफडी मोडली, पैसे माझ्या खात्यात घेतले, बँकेचे मेसेज पुसले. तिला सांगितलं, इंदूरला नोकरी लागली. तिनं वाटेत खायला लाडू दिले.

दुकान उघडल्यावर मी त्या मुलीला मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, माझ्यासाठी केवढं केलंस.

ती म्हणाली, "काकूंना माहितीये?"

"सांगणार आहे, यार. तीन महिन्यांत परत टाकतो ना."

"म्हणजे नाही माहिती." मग म्हणाली, "आज त्यांचा फोन उघडलास. उद्या माझा उघडशील आणि म्हणशील, तुझ्यासाठीच केलं."

मी भर रस्त्यात आरडाओरडा केला. ती रिक्षात बसून गेली. त्यानंतर तिनं माझा फोन घेतलेला नाही. दुकान चार महिन्यांत बंद पडलं. मी घरी आलो. आईनं विचारलं, सुट्टी किती दिवस?

पुढच्या शनिवारी आईला वर्गात सोडायला गेलो आणि ऊन होतं म्हणून आत मागं बसलो. त्या दिवशी ताई बायकांना आपापल्या फोनवर आपल्या ठेवी बघायला शिकवत होत्या. मला उठून जाता आलं असतं. गेलो नाही. आईनं पिन दाबला, बोटानं वर सरकवलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "ताई, माझी एफडी कुठं गेली? इथं काहीच दाखवत नाहीये."

ताई आल्या. फोन हातात घेतला. स्क्रीन बघितली, मग मान वर करून मला बघितलं. "सर्व्हर बंद असेल. पुढच्या शनिवारी बघू," म्हणाल्या आणि फोन आईच्या पर्समध्ये ठेवून चेन लावली.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं. "या वर्गात मी कुठल्याच बाईला कधी खोटं सांगितलं नव्हतं, निखिल. आज सांगितलं. तुला वाचवायला नाही. एवढ्या बायकांसमोर तिला ते कळू नये म्हणून. शनिवारच्या आत तू तिला सांग."

मी काय बोललो ते लिहायला हवं. मी म्हणालो, "तुम्ही कोण आमच्या घरात बोलणार? तुम्हीच बायकांना शिकवून घरं फोडता." ताईंचं वय तेव्हा बहात्तर होतं. त्यांनी जिन्याचा कठडा धरला आणि एकेक पायरी उतरून गेल्या. त्या वाक्यासाठी मी पुढं माफी मागितली, त्यांनी "हो, हो" म्हणून विषय बदलला. पण ते मी बोललो होतो.

आठवडाभर मी आईला काही सांगितलं नाही. रोज ठरवायचो, रोज टाळायचो.

शनिवारी सकाळी दारात सवारीचा टेंपो थांबला. गुडघ्यावर हात ठेवून ताई उतरल्या. आईला भलताच आनंद झाला, तिनं चहा टाकला. ताईंनी मला डोळ्यांनीच विचारलं आणि मी खाली बघितलं. आई चहा घेऊन आली तेव्हा ताई म्हणाल्या, "सरिता, निखिलला तुला काही सांगायचंय. माझा चहा होईपर्यंत मी बसते." आणि त्यांनी चहा प्यायला सुरुवात केली. इतका सावकाश चहा पिणारं माणूस मी पाहिलेलं नाही. चहावर साय धरली, त्यांनी ती बोटानं बाजूला केली, परत एक घोट घेतला. माझ्याऐवजी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. शेवटचा घोट उरला तेव्हा मी सांगितलं.

आई म्हणाली, "सगळी?"

"हो."

"तुझ्या बाबांची होती रे ती." मग ती ताईंकडे वळली. "ताई, खात्याचा नॉमिनी बदलायला कुठला फॉर्म लागतो?"

नॉमिनी मी होतो. ताईंनी फॉर्मचं नाव सांगितलं, बरोबर काय न्यायचं ते सांगितलं. सोमवारी आई एकटी जाऊन माझं नाव काढून आली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढं ताईंनी मला वर्गात बोलावलं. मी कोणत्या तोंडानं येऊ, असं विचारलं तर म्हणाल्या, "कुलूप कुठं कच्चं असतं, हे ज्यानं फोडलं त्यालाच विचारावं. पण आधी सरिताला विचार." आईला विचारलं. तिनं भाजी निवडत म्हटलं, "सांग की. मला कसली लाज?" ताईंनी ओळख करून दिली ती अशी: "हा निखिल. यानं आईची एफडी तिच्याच फोनवरून मोडली. कशी, ते ऐका." मी सांगितलं. पिन मुलाला ठरवू देऊ नका, ओटीपी सुनेला वाचून दाखवू नका, बँकेचे मेसेज स्वतः वाचा, ईमेलही स्वतःचा लावून घ्या. आता मी टोपी बाजारात मोबाइलच्या दुकानात काम करतो आणि महिन्यातून एका शनिवारी हे परत सांगतो. दर वेळी कान गरम होतात.

त्या मुलीबद्दलही मी ताईंशीच बोललो. ताई म्हणाल्या, "प्रेम कर ना, कोण नको म्हणतंय! पण प्रेम तुझं आणि तारण आईचं, हे कुठल्या बँकेत चालतं?" मला राग आला. मग हसू आलं. मग इंदूर आठवलं आणि काहीच आलं नाही. आता तिला मेसेज करत नाही. लिहितो, पाठवत नाही.

गेल्या वर्षी मी ताईंना गळ घातली, की माझं नाव आईच्या खात्यावर परत घालायला तुम्ही सुचवा, तुमचं ती ऐकते. पैशांसाठी नव्हतो म्हणत. तिथं नाव असलं म्हणजे तिचा माझ्यावर विश्वास बसला, असं मला वाटतं. ताई पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. "बाईनं आपल्या कागदावर कुणाचं नाव घालावं, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले, तेवढं पुरे."

या ग्रंथासाठी लेख मंडळानं आईकडे मागितला होता. ती म्हणाली, "निखिल लिहील. त्याला जास्त माहिती आहे." लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवला. तिनं एक वाक्य खोडायला लावलं. ते मी तिच्या वतीनं लिहिलेलं होतं. "मी काय म्हणेन ते मी म्हणेन," एवढंच बोलली. ही बाई चार वर्षांपूर्वी स्वतःच्या खात्याचा नंबर सांगायला माझ्या तोंडाकडे बघत होती.

शिवणकामातून साठवलेल्या पैशांची आईनं मागच्या महिन्यात नवी एफडी केली. त्यावर नॉमिनी कोण आहे, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, विचारणार नाही. जीभ किती वेळा दाताखाली धरली, ते माझं मला माहीत. धरायला ताईंनी शिकवलं, पण ते मी फार उशिरा शिकलो.

शैलजाताईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढायला त्रास होतो. म्हणून या महिन्यापासून वर्ग खालच्या मजल्यावर आणलाय. ताई, तुमची तब्येत ठणठणीत राहो आणि तुम्हाला खूप खूप वर्षं मिळोत. मागं वळून न बघता खिडकीशी उभ्या राहणाऱ्या बायका तुम्ही अजून पुष्कळ बघाव्यात. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या आम्हा मुलांनाही गप्प कसं राहायचं, ते शिकवत राहावं. मला अजून नीट जमत नाही.