अबोल्याच्या मापाची बोट

सिंगापूरमधल्या आमच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. सहलीला कोणालाही पाँटून बोट हवी असली, की ती सपाट, बाकं टाकलेली बोट भाड्याने ठरवायचं काम ते हौसेने अंगावर घेतात. माणसं मात्र मोजत नाहीत. "डबे किती आणि अबोले किती?" एवढंच विचारतात आणि स्वतःच्याच विनोदावर पोट हलवत हसतात.

आमच्या घरी एक अबोला होता. बाबांची नाशिकची स्कूटर मी त्यांना न विचारता विकली, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि रविवारी तर परत नाशिकला निघणार होते. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. मी म्हणालो, "दहा जणांची बघा. बाबा एका टोकाला बसतील, मी दुसऱ्या."

"अहो, वडील आहेत ते तुमचे, सवत नव्हे!"

त्या गृहस्थांनी मुद्दाम चौघांची बोट ठरवली. "डॅडी, सो स्मॉल लाह!" लेक ओरडली. ती आणि बायको एका बाकावर बसल्या. उरलेल्या जागेत बाबा आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. बोट समुद्रात शिरली.

मग बाबा म्हणाले, "गुडघे आवर, गाढवा."

मी आवरले नाहीत.