तुपाचा अंगठा

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूला उघड्या हाताने स्पर्श केला नसेल, असं मी शपथेवर सांगू शकते. मी सोलापूरहून चंदीगडला पीएच.डी.साठी आले, तेव्हा "ये, बस" म्हणायच्या आधी त्यांनी माझ्यापुढे हातमोजे धरले. सर मूळचे सांगलीचे, पण नोकरी सगळी इथल्या विद्यापीठात झालेली. काम काय, तर ड्रिल, पंच, डाय अशा हत्यारांच्या पोलादावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर चढवायचा. थर केसापेक्षाही पातळ, पण असा कडक की हत्यार लवकर झिजत नाही. तो नीट बसायचा तर पंपाने हवा काढून घेतलेल्या चेंबरमधलं तापमान, नायट्रोजनचा दाब आणि पोलादाला दिलेलं व्होल्टेज, तिन्ही जमून यावं लागतं. दाब कमी पडला की रंग फिका, जास्त झाला की तांबूस. व्होल्टेज फार वाढवलं तर थर आतून ताणला जातो आणि त्याचे टवके उडतात. तापमान वाढवत नेलं तर खालचं पोलादच मऊ पडतं. आणि हे सगळं जमवून आणलं, पण चेंबरमध्ये जाण्याआधी नमुन्याच्या पोलादी चकतीला कुणाचं बोट लागलं, की संपलं. बोटाच्या तेलकट डागावर थर धरत नाही.

म्हणून सरांचा पहिला नियम: आधी पुसायचं, मग बघायचं. मायक्रोस्कोपखाली काहीही ठेवण्याआधी अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसून घ्यायचं. पाच वर्षांत त्यांनी हे माझ्या हाडीमाशी इतकं खिळवलं, की आजही भाजी चिरण्याआधी मी सुरी पुसते आणि मग तिच्याकडे बघते. एकदा माझ्या चष्म्यावर त्यांना डाग दिसला. बोलता बोलता त्यांनी तो माझ्या नाकावरून उतरवला आणि त्याच फडक्याने पुसून परत दिला. काचा प्लास्टिकच्या होत्या, कायमच्या धुरकट झाल्या. "मग प्लास्टिकच्या घेतेस कशाला?" हे वर मलाच!

दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दाब बदललास तर तापमानाला हात लावू नकोस, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळायचं नाही. हे लॅबपुरतं असतं तर ठीक, पण माणूस घरीही तसाच. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा एकाच आठवड्यात पडदेही बदलले आणि चहापत्तीही. सर बेचैन. "मला घरात बरं वाटत नाहीये, पण ते पडद्यांमुळे की चहामुळे, हे सांगायची सोयच ठेवली नाहीस तू!" काकूंनी शांतपणे जुने पडदे परत लावले आणि चहा नवाच ठेवला. "आता सांगा." सरांनी आठ दिवस अभ्यास करून पडद्यांना दोषी ठरवलं. बाजारातही लॅब डोक्यातून जायची नाही. छोले भटूरेवाल्याला म्हणायचे, "भाईसाहब, तेल अभी ठंडा है, रुको." तो म्हणायचा, "जी, आप ही तल लो." आणि सर खरंच पुढे व्हायचे. मीच ओढून आणायची.

एका संक्रांतीला काकू लॅबमध्ये गुळपोळ्यांचा डबा घेऊन आल्या. सर आत पंपाशी होते. काकूंनी आम्हाला पोळ्यांवर तूप वाढलं आणि टेबलावर धुऊन ठेवलेली पोलादाची चकती उचलली. "अगं बाई, किती चकचकीत! आरसाच की!" माझ्या तोंडात पोळी. मी ओरडेपर्यंत त्यांनी ती जागेवर ठेवलीसुद्धा. सरांना सांगायची हिंमत माझी झाली नाही, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी चेंबर उघडलं, तर त्या चकतीवर सोन्यात तांबूस अंगठा उमटलेला, रेषा न् रेषा. काकूंनी तो आपलाच म्हणून हसत कबूल केला आणि सर त्यांच्यावर आठ दिवस चिडले होते. चकती डबीत टाकून वर त्यांनी मोठ्या अक्षरांत 'बाद' लिहिलं.

पुढच्याच वर्षी जून महिन्यात सर निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात काकू गेल्या. मी भेटायला गेले, तर ते घरात हातमोजे घालून बसलेले. म्हणाले, "दोन गोष्टी एकदम बदलल्या गं. आता हे जे होतंय ते कशामुळे, कसं कळणार?"

मी तेव्हा चंदीगडजवळच्या खरड गावातल्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. तिथे चांगला मायक्रोस्कोप आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सर कॅब करून आले आणि खिशातून ती 'बाद' डबी काढली. "खालून थर सुटत चाललाय. दर वेळी उघडली की एक रेघ कमी होते. सगळी जायच्या आत फोटो काढून दे मला. तुझ्या काकूंचं दुसरं काही असं उमटलेलं नाही माझ्याकडे." एवढं सांगून ते चष्मा शोधायला पिशवीत वाकले. मी हातमोजे घातले, चिमट्याने चकती उचलली, फडकं घेतलं आणि पुसली.

पुसल्यावर मला कळलं. फडक्यावर सोनेरी कण होते आणि चकतीवर अंगठ्याएवढं नुसतं करडं पोलाद.

"सर..."

सरांनी चष्मा लावला. बराच वेळ मायक्रोस्कोपमधून बघत राहिले. "छान पुसलंस," म्हणाले. मग माझं रडणं बघून, "मीच शिकवलंय तुला. दुसरं काय करणार होतीस?" त्यांनी फडक्याची घडी घातली, कण आत राहतील अशी, आणि डबीत ठेवली.

कॅबची वाट बघत आम्ही फाटकाशी उभे होतो. सरांनी उजव्या हातातला मोजा काढला. मी त्यांचा उघडा हात इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यांनी चकती घेतली आणि त्या करड्या जागेवर अंगठा टेकवला. काकूंचा हात लहान होता, जागा सरांना पुरेना. कॅब आली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी ते अंगठा थोडा इकडे, थोडा तिकडे करून बघत होते.