हसरे अण्णा

टर्पेंटाइनचा वास आला की मी पुन्हा अहमदपूरच्या त्या बैठकीच्या खोलीत कोंडला जातो. त्या घरातल्या दोघा भावांची वाटणी झाली होती आणि वडिलांचं, अण्णांचं, तैलचित्र होतं एकच, म्हणून आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला त्याची नक्कल करायला बसवलं. मूळ चित्रातले अण्णा असे डोळे वटारून बघायचे की माझा ब्रश थरथरायचा. त्यात ओठाचा कोपरा जरा वर गेला आणि माझे अण्णा चक्क हसले! दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावर थोरले म्हणाले, "मला हे नवंच पायजे." धाकटे उसळले, "वा रे दादा! अण्णांची लई बोलणी खाल्ली मी, हसणारे अण्णा माझे!" मूळ चित्राकडे कुणी बघेना. मग थोरले मला रोज आत घालून बाहेरून कडी लावू लागले. "असंच अजून एक काढ, मग सोडतो." पण चुकून आलेलं हसू मुद्दाम कसं आणायचं? उन्हानं तापलेल्या खोलीत, खिडकीतून आलेला चहा पीत मी झटलो, आणि अण्णा उतरले हुबेहूब, डोळे वटारून. भाऊ हबकले. सर मात्र खूश, "आता बसला तुझा हात!" आज मी कुणाचाही चेहरा हुबेहूब काढतो, तसा हसरा बाप मात्र पुन्हा जमला नाही.