देवरे अण्णांचे लबाड दगड

देवरे अण्णांची आणि माझी ओळख संशयातून झाली. सातपूरच्या आमच्या सोसायटीत ते अगदी माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि थोड्याच दिवसांत मी त्यांना गोणीतून दगड वर नेताना पाहिलं. साठी उलटलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला हा माणूस पार्किंगमध्ये उकिडवा बसायचा, एक दगड कानाशी धरायचा आणि दुसऱ्या दगडाने त्याच्यावर टकटक करायचा. काही दगड गोणीत जायचे, काही कुंपणापाशी फेकले जायचे. कुणी म्हणालं, ग्रहांचे खडे विकत असतील. मी शाळेत शिकवते. पोराच्या दप्तरात काय दडलंय याचा वास मला लांबून येतो. हा माणूस सरळ नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

त्यातच माझ्या बेडरूमच्या छताला ओल आली. मी तरातरा जिना चढून गेले. दार उघडल्याबरोबर अण्णांनी मला असं निरखलं, की संशयित मीच आहे असं वाटावं.

"छताला ओल आलीय माझ्या," मी म्हणाले.

"डाग गोल आहे की लांबट? सकाळी वाढतो की संध्याकाळी?"

नंतर कळलं की अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर चेकरचं काम केलं होतं. तयार मालातला खोटा नग हुडकून बाजूला काढायचा, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून ते सगळं जगच तपासायला लागले होते. भाजीवाली, गॅसवाला, मी, कुणीच त्यातून सुटलं नाही.

आत गेले तेव्हा पलंगावर त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, पडून होत्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं सावकाश पण स्वच्छ. पलंगाला अगदी खेटून, लोखंडी स्टँडवर, काचेची भली मोठी टाकी होती आणि तिच्यात रचलेले दगड नि डोक्यावर टेंगूळ असलेला एक लालबुंद मासा. तो सारखा वहिनींकडेच बघत राहायचा, म्हणून वहिनींनी त्याचं नाव 'पाव्हणा' ठेवलं होतं. दिवसभर नुसतं छत बघून बायको झुरेल, म्हणून अण्णांनी हा खटाटोप केला होता. लांबचं वहिनींना नीट दिसत नसे, त्यामुळे टाकी अशी पलंगाशी.

अण्णा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "दगड घसरून काच फुटली, तर सगळं पाणी नि काचा हिच्या अंगावर. आणि हिला पळता येत नाही, मॅडम."

पार्किंगमधली टकटक मला तेव्हा उलगडली. ओल शेवटी बाथरूमच्या पाइपची निघाली. तरीही अण्णा टाकीखाली वर्तमानपत्र पसरून रोज सकाळी ते चाचपत राहिले.

"दगड दिसायला गरीब असतो," ते म्हणायचे. ते मूळचे सटाण्याकडचे. रंगात आले की अहिराणी डोकावायची. "पण हाऊ लबाड शे, मॅडम!" लबाडी पकडायच्या त्यांच्या रीती ठरलेल्या होत्या. ब्रशने घासायचं, लिंबू पिळायचं. फसफसला, तर त्यात चुना आहे, पाणी बिघडवणार, बाद. टकटक केल्यावर आवाज फुटका आला, तर आत चीर आहे, बाद. फरशीवर ठेवून चारी बाजूंनी बोटाने ढकलायचं. डुगडुगला, तर बाद. "दगड ठेवायचा नसतो," ते बजावायचे, "गणपती बसवतो तसा बसवायचा."

वहिनींच्या माहेरचा दगड आला तेव्हा मात्र घरात भांडण पेटलं. मोसम नदीच्या काठावर लहानपणी त्या ज्यावर धुणं धूत, त्याचाच एक चपटा, परातीएवढा तुकडा भाच्याने जीपमधून आणून दिला. वहिनींना तो टाकीत हवा होता. अण्णांनी तो बाल्कनीत टबात बुडवला आणि रोज नवी शंका काढली. मला वाटलं, हा माणूस तो कधीच आत जाऊ देणार नाही.

"मला बी असंच तपासलं व्हतं यांनी," वहिनी म्हणाल्या. "लग्नाआधी सारखे काही ना काही निमित्त काढून यायचे. माझा बाप म्हणे, पोरगी पसंत हाय का नाय ते तरी सांगा."

मी मध्ये तोंड घातलं. "अण्णा, खाली वाळूची गादी करा की. मऊ बसेल."

"हे तुम्हाला त्या माशाने शिकवलं का?" अण्णा कडाडले. "तो रात्रंदिवस वाळू उकरतो. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते त्या दगडाला विचारा!"

अखेर एका रविवारी ते तयार झाले. पाव्हणा बादलीत गेला. अर्धं पाणी आणि सगळी वाळू बाहेर काढून त्यांनी तळाला प्लास्टिकची जाळी अंथरली, म्हणजे दगडाचं टोक थेट काचेला टोचू नये. मग तो दगड दोन्ही हातांनी हळूहळू खाली नेला, बाजूच्या काचांपासून चांगला लांब. टेकला, तरी हात काढेनात. पाण्यावर वाकून त्याला हळूच विचारलं, "सोडू का?"

"सोडा आता," पलंगावरून वहिनी म्हणाल्या. "बसला तो."

अण्णांनी एकेक बोट उचललं. दगड हलला नाही. मगच त्याच्याभोवती वाळू पडली. वहिनी संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत होत्या आणि मध्येच हसत होत्या. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढे ते रोजचंच झालं. सकाळी अण्णा टाकीत हात घालून दगड दाबून बघायचे, "सोडू का?" विचारायचे, वहिनी "सोडा आता" म्हणायच्या, आणि मगच घरात चहा व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात वहिनींच्या छातीत कफ भरला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाच डॉक्टरांनी कल्पना दिली होती. डॉक्टर घरी आले त्या दुपारी मी तिथेच होते. अण्णा वहिनींचा डावा हात, त्यातल्या त्यात जिवंत असलेला, दोन्ही हातांत धरून बसले होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

"पुन्हा बघा," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. मग अण्णांनी स्वतः पाहिलं. मनगट, गळा, नाकासमोर बोट. त्यांच्याकडच्या सगळ्या परीक्षा संपल्या. मग ते वहिनींच्या कानाशी वाकले आणि हळूच विचारलं, "सोडू का?"

आणि उत्तराची वाट बघत राहिले. पाव्हणा त्या दगडावर थांबून बाहेर बघत होता. डॉक्टर बॅग आवरून निघून गेले. अण्णांचे हात तसेच. मला राहवेना. मी जवळ जाऊन म्हणाले, "सोडा आता, अण्णा."

त्यांनी मान वर करून मला निरखलं, पहिल्या दिवशी दारात निरखलं होतं तसं. मग एकेक बोट उचललं.