नारिंगी जॅकेट

कपाट आवरताना जुनं लाइफ जॅकेट हाती आलं, आणि त्याच्या खारट वासाबरोबर जानेफळचं आमचं अंगण डोळ्यांपुढे उभं राहिलं. मालवणच्या समुद्रात कयाक चालवायला जायचं म्हणून मी लाइफ जॅकेट आणि त्याच्या आत घालायचं विंडचीटर घरी मागवलं होतं, दोन्ही निळी. आमच्या दाराची चौकट निळी, आईची चौदा एप्रिलच्या जयंतीची साडी निळी. दुसरा रंग मला सुचलाच नव्हता. शेतातलं तण काढून, निंदणाहून आलेल्या आईने हात न धुताच जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं. "काऊन घेतलं वं निळं? समुद्र कोन्या रंगाचा असते?" मी चिडले. "निळा आपला रंग हाय ना!" "हाव, आपलाच हाय. पन पान्यात पडली त कोनाले दिसशीन?" मग हात धुता धुता ती म्हणाली, "तू लहान होती तवा तुले वावराच्या धुऱ्यावर बसवलं, की डोक्याले नारिंगी फडकं बांधून देत होती मी. तुरीतून मान वर केली, की तू दिसत होती." मी दोन्ही परत पाठवून नारिंगी मागवली. मालवणहून फोटो पाठवला, त्यात सगळं निळं पाणी आणि लांबवर मी, तिळाएवढी. आईचा लगेच फोन आला, "दिसली वं, दिसली." आता तिला समोरचं ताटही धड दिसत नाही. नवं जॅकेट घ्यायला झालंय, आणि मी पुन्हा नारिंगीच घेणार आहे. न जाणो, ती कुठून तरी मान वर करेल.